पांढऱ्या गाडीतला आवाज

हा किस्सा सांगतो, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागच्या वेळी दुकानात सांगायला बसलो, तेव्हा समोरच्या पाहुण्यांनी ऐन मोक्याच्या जागी घोट घेतला होता. माझा तो सदरा पुन्हा अंगावर घालायच्या लायकीचा राहिला नाही.

तर आता काय सांगू तुम्हाला! माणसाची फजिती होते ती चारचौघांत होते. माझी झाली ती भर साखरपुड्यात, फेटे बांधलेल्या मंडळींसमोर, आणि तीही मीच हॉर्न वाजवून सगळ्यांना गोळा केल्यावर!

आधी माझी ओळख करून देतो. सोनईत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पाइप, नळाच्या तोट्या, पंपाचे पट्टे, असला माल. पण गावात माझं नाव आहे ते वेगळ्याच कारणासाठी. कुणाला गाडी घ्यायची असली, नवी असो की जुनी, की लोक म्हणतात, "दत्ताभाऊला न्या बरूबर." आणि मी जातो. दुकान बंद करून जातो!

माझी स्वतःची गाडी? नव्हती. मोटारसायकल होती. पण मी म्हणतो, ज्याची स्वतःची गाडीच नाही, त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस तुम्हाला कुठं मिळणार?

गाडी बघायची माझी एक पद्धत आहे. आधी गाडीभोवती एक फेरी मारायची. मग टायरला लाथ घालायची. त्यानं काय कळतं, ते आजवर मला कुणी विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. मग दारं उघडायची, लावायची. मग आत बसून गाडी चालू करायची, डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायची. आणि सगळे श्वास रोखून उभे असतात तेव्हा हळूच म्हणायचं, "आवाज येतोय."

बस्स! मालकाचा चेहरा खर्रकन उतरतो.

"कुठून येतोय?"

"येतोय कुठूनतरी."

आणि गंमत अशी की, एकदा का मी म्हटलं की सगळ्यांनाच आवाज यायला लागतो. एका शोरूममध्ये नव्याकोऱ्या गाडीत मी असा आवाज काढला, की तिथला मॅनेजर टाय खांद्यावर टाकून गाडीखाली घुसला होता. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण गावाच्या गाड्यांचं ठीक आहे हो. घरात हीच विद्या माझ्या अंगाशी आली.

आमच्या मंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेर खर्ड्याचं. जामखेडच्याही पलीकडे. सोनईहून नगर, नगरहून जामखेड, जामखेडहून खर्डा. प्रत्येक ठिकाणी एसटी बदला, पिशव्या चढवा, पिशव्या उतरवा. सासूबाई तिकडे, गुडघ्यांनी पार थकलेल्या. त्यांची एकच इच्छा होती, लेकीचा नवा बांधलेला ओटा आणि तिचा संसार एकदा डोळ्यांनी बघायचा. पण एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. फोनवर म्हणायच्या, "मंदे, तुजं घर मी आता फोटोतच बघायचं गं."

मंदा फोन ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मी पंप दुरुस्तीला आलेल्या माणसाकडे बघायचो.

बरं, ही बाई बघत बसणारी नव्हे. तिनं गावातल्या ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं, शिकली, लायसन काढलं. आमच्या घरात लायसन होतं आणि गाडी नव्हती! आणि गाडी का नव्हती? कारण जी म्हणून गाडी बघायला गेलो, तिच्यात मला आवाज आला. एक फार बुटकी निघाली, तिच्यात बसायचं म्हणजे सासूबाईंना उकिडवं बसायला लागलं असतं. एक इतकी उंच, की त्यापेक्षा एसटी बरी. आणि ज्या मापात बसल्या त्यांच्यात आवाज!

मग बेलापूरहून संपतचा फोन आला. संपत हा मंदाचा मामेभाऊ. त्यानं मोठी सात माणसांची गाडी नोंदवली होती, आणि जुनी छोटी गाडी त्याला घरच्याच माणसांना द्यायची होती. ती गाडी म्हणजे हल्ली सगळीकडे दिसतात ना, मोटारीपेक्षा जरा उंच आणि जीपड्यापेक्षा जरा ठेंगणी, क्रॉसओव्हर का काय म्हणतात, त्यातली. पांढरी. पुढच्या आठवड्यात त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. "दाजी, साखरपुड्याला येतायच तर गाडीबी चालवून बघा," म्हणाला.

निघायच्या दिवशी मंदानं निऱ्या करता करता मला सांगितलं, "हे बघा. आज जर का तुमाला आवाज आला ना, तर मी पुन्यांदा गाडीचं नाव काढनार न्हाई."

"असं काय म्हणतेस?"

"आन तुमच्याशीबी बोलनार न्हाई. मंग घरात लई शांतता हुईल. बसा आवाज ऐकत."

सांगून ठेवतो, ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी हळू बोलली.

बेलापूरच्या बाहेर एका लॉन्सवर कार्यक्रम होता. आता तिथली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. आपल्याकडे लग्नकार्याला गाड्या एवढ्या दाटीनं लावतात, की मागच्याला निघायचं तर पुढच्याला हलवावं लागतं. म्हणून सगळे चावी गाडीतच ठेवतात. कुणीही यावं, कुणाचीही गाडी पुढे-मागे करावी. शहरातल्या माणसाला ऐकून घाम फुटेल. आम्ही तर शिंगणापूरच्या शेजारचे, आम्हाला कुलपाचं तसंही फारसं वेड नाही.

संपत तर मुलीचा बाप. फेटा डोक्यावर, पण लक्ष शंभर ठिकाणी. आचारी एकीकडून हाक मारतोय, फोटोवाला दुसरीकडून. मला बघून म्हणाला, "दाजी, गाडी मागं लिंबाखाली हाय. चावी आतच हाय. निवांत फिरवून आना. टिळ्याला अजून येळ हाय."

मी खिशातला मोबाईल काढून मंदाकडे दिला. गाडीचा आवाज ऐकताना मोबाईल जवळ ठेवायचा नाही, हा माझा नियम. मंदानं तो पर्समध्ये टाकला आणि माझ्याकडे बघून फक्त एक बोट वर केलं. मला समजलं.

मागे गेलो. लिंबाखाली पांढरी गाडी उभी होती. फेरी मारली, टायरला लाथ घातली, दार उघडलं. चावी जागेवर. आणि मागच्या सीटवर एक बाई!

चांगल्या दणकट, साठीच्या पुढच्या, हिरवी पैठणी, नाकात नथ, हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत बसलेल्या. मला वाटलं, संपतची कुणी मावशी-काकू असेल, गर्दीला कंटाळून बसली असेल.

"मावशी, बसा बसा, उठू नका," मी म्हणालो. "मी जरा चक्कर मारून आणतो."

"चक्कर? तुमाला कुनी सांगितलं?"

"मालकांनीच. म्हणाले, निवांत फिरवून आना."

बाईंचे डोळे बारीक झाले. "आसं म्हनला व्हय? मी हितं रुसून बसलीय, आन त्यो म्हनतो निवांत फिरवून आना? बरं बरं! घ्या गाडी. मी काय भेतीय का?"

कुणावर रुसल्या, कशाला भ्यायचं, मला काही कळलं नाही. पण गाडी बघायला निघालेल्या माणसाला माणसं दिसत नाहीत हो. मी गाडी चालू केली आणि लॉन्सच्या फाटकातून बाहेर काढली.

आणि काय सांगू! पहिल्या झटक्यातच गाडी मला आवडायला लागली. क्लच असा हलका, की पाय ठेवल्याचं पायालाच कळू नये. बसायची जागा नेमक्या उंचीवर; पुढचा रस्ता पार पुढच्या वळणापर्यंत दिसतोय. मी मनात म्हटलं, दत्ता, सावध. एवढ्यात पाघळू नकोस.

"मावशी, गाडी कशी आहे हो? खरं सांगा," मी विचारलं. घरच्या बाईकडून खरी माहिती मिळते, हा माझा अनुभव.

"गाडी? गाडी लई गुनाची हाय. मान्सं न्हाईत गुनाची."

"मागे तिघं बसतात का?"

"बसत्यात की. दोघं आन एक लेकरू. मी आसले तर मी आन माजी पिशवी."

हा एक दोष मी मनात नोंदला. मागची सीट अरुंद. मग मी गाडी मुद्दाम पाटाच्या कडेच्या रस्त्याला घातली. कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांनी त्या रस्त्याची पार चाळण केलेली असते, तुम्हाला ठाऊकच आहे. तिथं बुटकी गाडी घातली तर पोट खरवडून निघतं. ही मात्र खड्ड्यात उतरली, बाहेर आली, पुन्हा उतरली, पुन्हा आली. खाली काही लागलं नाही. हळू चालताना जराशी आदळते, ते कबूल. कडक आहे. पण वेग घेतला की तीच गाडी अशी सरळ बसते, की कपातला चहा हिंदकळू नये.

"ओ डायवर," मागून आवाज आला, "आदळीता कशाला?"

डायवर! मला जरा लागलं. पण मी म्हटलं, बाई थट्टा करतेय.

तेवढ्यात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी लोंबणारा ऊस. एका बाजूला पाट, एका बाजूला चर. ट्रॅक्टरवाल्यानं हात हलवला, म्हणजे तुम्हीच मागे व्हा. मी मागे वळून बघितलं, तर गाडीची मागची काच एवढीशी आणि कडेचा खांब एवढा जाड, की मला रस्त्याऐवजी फक्त मावशींची नथ दिसली. हा दुसरा दोष! मोठा दोष! मला दरदरून घाम फुटला.

"आवो, त्या टीव्हीत बघा की!" मावशी ओरडल्या.

बघतो तर पुढच्या पडद्यावर मागचा सगळा रस्ता, आणि त्यावर हिरव्या-पिवळ्या रेषा. त्या रेषा बघत बघत मी गाडी थेट फाट्यापर्यंत मागे आणली. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना सलाम केला. आता सांगा, दोष दिला आणि लगेच त्याच्यावर औषधही दिलं, अशा गाडीला काय नाव ठेवणार?

पण अजून मुख्य परीक्षा बाकी होती. आवाज! आणि आवाज ऐकायचा कसा, तर मागे मावशींची तोफ सुरू झालेली.

"मला सांगा, आमच्या ह्यांना टावेल-टोपी न्हाई म्हंजी काय? मांडवातल्या सगळ्यांना दिली. शेजाऱ्याला दिली, त्याच्या शेजाऱ्याला दिली. आमचे हे बसलेत आपले उघड्या डोक्यानं! ही काय रीत झाली? काय सोयरीक करायची असल्या लोकांशी?"

मी समजलो ते असं. बाई संपतच्या घरच्या आहेत, आणि नवऱ्या मुलाकडच्या लोकांनी यांचा मान ठेवलेला नाही. मी आपली तावातावानं त्यांची बाजू घेतली. "बरोबर आहे मावशी. त्या लोकांना रीतभातच नाही. मी आल्या आल्या ओळखलं."

"वळखलं ना? तुमीबी वळखलं ना?"

"बघता क्षणी!"

मला वाटलं आता गप्प बसतील. कसलं काय! दुप्पट जोर आला. एसी सुरू, गाडी सुरू, मावशी सुरू. डोळे मिटावे तर चालवायचं कसं, आणि ऐकावं तर ऐकायला काय येतं, टावेल-टोपी! शेवटी फाट्यावर एक रसवंती दिसली. म्हटलं, यांच्या तोंडात काहीतरी दिलं पाहिजे.

गाडी थांबवली. आणि इथं मी एक गोष्ट बघितली. मावशींनी दार उघडलं, पाय बाहेर ठेवला आणि सरळ उभ्या राहिल्या. ना वाकल्या, ना कण्हल्या, ना "अगं आई" म्हणाल्या. रस पिऊन झाल्यावर परत तशाच बसल्या, आपल्या घरच्या पलंगावर बसावं तशा. त्यांचे गुडघेही सासूबाईंच्याच जातीचे होते, चालताना दिसत होतं.

त्या क्षणाला मला मंदाची आई दिसली, अशीच दार उघडून आमच्या ओट्यासमोर उतरताना. मला फार आनंद झाला आणि तितकीच लाजही वाटली. इतकी वर्षं मी गाड्यांचे आवाज ऐकत होतो, आणि ती म्हातारी फोटो बघत होती.

पण मी पडलो परीक्षक! आवाज ऐकल्याशिवाय निकाल कसा देणार? मावशी पुन्हा टावेल-टोपीवर येणार, हे मला दिसत होतं. रसवंतीला लागून एक कापडदुकान होतं. मी आत गेलो, एक चांगला टॉवेल, एक पांढरी टोपी घेतली, वर शेजारून नारळ घेतला, आणि सगळं मावशींच्या हातात ठेवलं.

"हे तुमच्या मालकांना. आमच्याकडून मान समजा. पण आता मला जरा शांतपणे गाडी ऐकू द्या."

मावशी टोपीकडे बघत राहिल्या. डोळ्यांना पदर लावला आणि नारळ मांडीवर घेऊन त्या गप्प बसल्या. अहो, एका टोपीत एवढी ताकद असते, हे हार्डवेअरवाल्याला कुठून कळणार?

मी काचा वर घेतल्या. एसी बंद केला. मोकळ्या रस्त्याला गाडी लावली आणि मान कलती केली.

काही नाही.

अजून ऐकलं. टायरचा थोडा घरघराट, तो रस्त्याचा. बाकी काही नाही! डॅशबोर्ड गप्प, दारं गप्प, चढाला जराशी कुंथली, एसी लावला तर जास्त कुंथली, पण कुंथणं म्हणजे आवाज नव्हे. माझ्या सगळ्या आयुष्यात मला आवाज न आलेली ही पहिली गाडी. मला वाटलं, खाली उतरून तिच्या पाया पडावं.

आता इकडे लॉन्सवर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर तुमची माझ्यासारखी गत व्हायची.

मी निघण्याआधी आचाऱ्याचा टेम्पो आत आणायचा होता. म्हणून कुणीतरी, आपल्या रीतीप्रमाणे, संपतची गाडी लिंबाखालून हलवून स्वयंपाकघराच्या मागे लावली. मोकळ्या जागेवर दुसऱ्या कुणीतरी दुसरी गाडी आणून लावली. तीही पांढरी. तीही त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची. ती होती नानासाहेबांची. नानासाहेब म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील! आणि तिच्यात रुसून बसलेली बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, मुलाची कौसाआत्या. तिच्या यजमानांची टॉवेल-टोपी गडबडीत राहून गेली, म्हणून ती "मला घरी सोडा" असं सगळ्या मांडवाला ऐकवून गाडीत जाऊन बसली होती. नानासाहेब म्हणाले होते, बसू द्या, हुईल शांत, दर कार्याला हुती.

थोड्या वेळानं समजूत काढायला गेले, तर आत्या नाही आणि गाडीही नाही! डिकीत मुलीची साडी, अंगठी, ओटीचं सगळं सामान. पहिला टिळा लावायचा मान आत्याचा. आत्या खरंच निघून गेली, सोयरीक मोडली, असं कुजबुजत कुजबुजत मांडवभर झालं. कुणी म्हणालं गाडी चोरीला गेली. संपतनं फेटा काढून हातात घेतला होता. मुलगी आतल्या खोलीत रडायच्या बेतात. मला फोन लावावा, तर माझा फोन मंदाच्या पर्समध्ये वाजतोय.

आणि अशा वेळी मी आलो. हॉर्न वाजवत!

मला वाटलं, वा, माझ्या निकालासाठी सगळा मांडव फाटकाशी आलाय. म्हटलं, एवढे लोक जमलेत तर मंदाला चारचौघांत खूश करून टाकू. गाडी थांबवली, उतरलो, बॉनेटवर हात ठेवला आणि कुणाला तोंड उघडू न देता मोठ्यानं म्हणालो, "मंडळी! आयुष्यभर गाड्या बघितल्या. पण अशी गाडी बघितली नाही. मागे तिसऱ्याला अडचण होते, चढाला जरा दमते, पण ते सोडा. गाडीत आवाज नाही! मंदा, ऐकलंस ना? खोट नाही! ही गाडी मी घेतली!"

फेटेवाले एक गृहस्थ पुढे आले. "घेतली?" ते म्हणाले. "आवो पाव्हनं, गाडी माजी हाय! मी कुटं इकायला काडलीय?"

मी संपतकडे बघितलं.

"दाजी," संपतचा आवाज रडकुंडीला आलेला, "माजी गाडी ती काय, टेम्पोच्या मागं हाय. तिला कुनी हातबी लावल्याला न्हाई!"

जमिनीनं मला पोटात घ्यावं, असं वाटलं. पण जमीन मुरमाड होती.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि कौसाआत्या उतरल्या. सरळ, न कण्हता! हातात टॉवेल, टोपी, नारळ.

"नाना, गप ऱ्हा," त्या म्हणाल्या. "पोरीकडच्या मान्सांनी दाजीला धाडलं, मला रस पाजला, ह्यांचा मान माझ्या हातात दिला. आशी मान्सं कुटं मिळत्यात? चला, टिळा लावायचाय." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आन ह्ये किती सरळ मानूस! सोताच म्हनले, आमच्या लोकांना रीतभात न्हाई."

संपतनं माझ्याकडे असं बघितलं, की मी चटकन टायर बघायला खाली वाकलो.

पण साखरपुडा झाला. दणक्यात झाला. आत्यांनी पहिला टिळा लावला, त्यांचे यजमान नवी टोपी घालून पुढच्या खुर्चीत बसले, आणि संपतनं पंगतीत मला स्वतःच्या हातानं जिलेबी वाढली. माफी मिळाली, असं मी समजलो.

जेवणं झाल्यावर मला जरा धीर आला. मी मंदाला म्हणालो, "हे बघ, आपण बघितली ती नानासाहेबांची गाडी. संपतची वेगळी. ती पुन्हा सावकाश ऐकावी लागेल."

"तीच कंपनी?" मंदानं विचारलं.

"हो, तीच."

"तेच मॉडेल?"

"तेच, पण प्रत्येक गाडीचं..."

"सगळ्या मांडवादेखत खोट न्हाई म्हनलात. आता हिला आवाज आला, तर लोक म्हनतील दत्ताभाऊच्या कानातच खोट हाय."

आणि पदर खोचून ती टेम्पोच्या मागे गेली. संपतची गाडी चालू केली. एका बाजूला टेम्पो, एका बाजूला आचाऱ्याच्या कढया, मधून वीतभर जागा. मी डोळे मिटले, या वेळी खरोखरच्या भीतीनं. उघडले तेव्हा गाडी माझ्यासमोर उभी होती आणि स्टेअरिंगमागून मंदा हसत होती. इतकी वर्षं संसार केला, पण हे हसू मी पहिल्यांदा बघितलं. मी मुकाट डाव्या बाजूला बसलो.

कौसाआत्या फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "डायवर बदलला, ब्येस केलं बाई!"

अशी ती गाडी आमची झाली. पुढच्याच आठवड्यात आम्ही खर्ड्याला गेलो. मी शेजारी बसून मंदाला सगळी मदत केली. गिअर बदल, ट्रक येतोय, गतिरोधक आहे, हळू, अगं हळू, आता जरा दाब, एवढं नाही! खर्ड्यात किल्ल्याजवळ सासूबाई वाट बघत बसल्या होत्या. दार उघडलं, एक पाय ठेवला आणि बसल्या. बसल्यावर हातानं सीट चाचपली आणि म्हणाल्या, "मंदे, हे तर लई सोपं निघालं गं." मंदानं आरशात बघून डोळे पुसले. मीही पुसले.

सासूबाई पुढे बसल्या, म्हणून मी मागे गेलो. सोनईपर्यंत मागूनच मार्गदर्शन केलं.

आता सासूबाई आमच्याकडेच असतात आणि रोज संध्याकाळी त्यांना पुढं बसवून एक फेरी होते. गावात मात्र एक फरक पडला. गाडी घ्यायची असली की लोक दुकानात येतात, मला रामराम घालतात आणि आत मंदाकडे जातात. परवा असाच एक जण आला. क्रॉसओव्हर घ्यायचं चाललंय म्हणाला. मी आपला खिळे मोजायचं सोंग घेऊन कान लावून बसलो.

"वहिनी, खरं सांगा. गाडी कशी हाय?"

"सोन्यासारखी," मंदा म्हणाली. "उंची बेताची, चालवाया हलकी, खड्ड्याला भीत न्हाई. म्हाताऱ्या मान्साला तर लईच सोयीची."

"दोष काय?"

"दोष एकच. खर्ड्याला जाताना पुढच्या डाव्या सीटवरनं लई आवाज यायचा. आई तिथं बसल्यापासनं त्यो आवाज मागच्या सीटवर गेलाय."